मॉडेलमधलं चक्रीवादळ जोर धरत नाही किंवा भलतीकडे जातं: तपासणी कुठून सुरू करायची

डब्ल्यूआरएफ या हवामानाच्या संगणकी मॉडेलवर चक्रीवादळाचं सिम्युलेशन करणाऱ्या विद्यार्थ्यांचे बिघडलेले रन गेली काही वर्षं माझ्याकडे येतात. तक्रार जवळपास नेहमी एकच असते: "सर, वादळ तयार होतं, पण जोरच धरत नाही." त्यापाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो: "मायक्रोफिजिक्सची कुठली स्कीम घेऊ?" मायक्रोफिजिक्स म्हणजे ढगातल्या थेंबांचा आणि पावसाचा हिशोब, आणि स्कीम म्हणजे तो करायची मॉडेलमधली पद्धत. हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दोष स्कीममध्ये नसतोच. मॉडेलला आपण सुरुवातीला काय दिलं आणि त्यातून निघालेलं कशाशी ताडून पाहिलं, यात तो असतो. म्हणून ही तपासणी मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने लिहितोय. आधी ज्याला फक्त दहा मिनिटं लागतात ते, आणि शेवटी ज्याला आठवडे लागतात ते.

उदाहरणाला निसर्ग चक्रीवादळ घेतो. १ जून २०२० ला अरबी समुद्रात डिप्रेशन (चक्रीवादळाआधीची कमी दाबाची अवस्था), २ जूनच्या दुपारी चक्रीवादळ, ३ जूनला तीव्र चक्रीवादळ आणि त्याच दिवशी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर. वारे ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा लावली तरी पीक यायला वर्षं जातात, त्यामुळे तिथल्या घरांसाठी ते वादळ एका दुपारी संपलेलं नाही. शिकायलाही निसर्ग चांगलं आहे, कारण त्याचं आयुष्य इतकं थोडं होतं की रनमधली प्रत्येक चूक लगेच उघडी पडते.

लक्षणं

खालीलपैकी एक किंवा अनेक दिसतात.

केंद्रातला दाब प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त राहतो आणि वाऱ्याचा वेग डिप्रेशनच्या वर जातच नाही. वादळ जोर धरतं, पण बारा-अठरा तास उशिरा. पहिल्या दिवशी ट्रॅक बरोबर असतो आणि मग तो हळूहळू किनाऱ्यापासून दूर सरकतो. केंद्र एका तासात तीनशे किलोमीटर उडी मारतं. किनाऱ्याजवळ आल्यावर रन कोसळतो. याउलट, संथ चालणारं वादळ मॉडेलमध्ये वाजवीपेक्षा फार तीव्र होतं.

आपलं लक्षण यातलं नेमकं कुठलं, ते कागदावर लिहून काढा. "रन चुकलाय" एवढ्यावर काहीच तपासता येत नाही. "पहिल्या चोवीस तासांत दाब उतरतच नाही" यावर येतं.

आधी घड्याळ आणि एककं

मॉडेलची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते आणि आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. निसर्ग किनाऱ्यावर आलं ती वेळ यूटीसीत सकाळी ७ ते ९. आता समजा तुम्ही आउटपुट दर सहा तासांनी लिहायला सांगितलं आहे. ०६ यूटीसीच्या फाइलमध्ये वादळ अजून समुद्रात, १२ यूटीसीच्या फाइलमध्ये ते जमिनीवर आत शिरून मंदावलेलं. किनाऱ्यावर आदळतानाचा क्षण तुमच्या फाइलींमध्ये नाहीच. मॉडेलने तो कदाचित अगदी नीट दाखवला असेल, पण तो लिहूनच ठेवला गेला नाही. अशा रनवर महिनाभर स्कीम बदलत बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

उपाय सोपा आहे. डोमेन म्हणजे मॉडेल ज्या क्षेत्राचा हिशोब करतं ते, आणि ती एकात एक बसवलेली असतात. सगळ्यात आतल्या डोमेनचं आउटपुट तासाला किंवा अर्ध्या तासाला घ्या. डिस्क पुरत नसेल तर वारा, दाब आणि पाऊस एवढेच घटक वेगळ्या फाइलमध्ये लिहायला सांगता येतात. नेमलिस्टमध्ये, म्हणजे रनच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये, एनडब्ल्यूपी डायग्नॉस्टिक्स चालू केलं, तर दोन आउटपुटांच्या मधला दहा मीटर उंचीवरचा कमाल वाराही हाती लागतो.

मग एककं. मॉडेल वारा मीटर प्रति सेकंदात देतं, हवामान विभागाचं पत्रक नॉट आणि किलोमीटरमध्ये. ३० मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी १०८ किलोमीटर, म्हणजेच साधारण ५८ नॉट. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी आलेखावर दोन वेगवेगळी एककं शेजारी शेजारी काढलेली मी दरवर्षी पाहतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सरासरीचा काळ. भारतीय हवामान विभाग तीन मिनिटांच्या सरासरीचा वारा देतो, अमेरिकेचं जॉइंट टायफून वॉर्निंग सेंटर एका मिनिटाचा, आणि जगातल्या बऱ्याच संस्था दहा मिनिटांचा. एकाच वादळाचे हे तीन आकडे वेगळे असणारच, आणि एका मिनिटाचा सर्वांत मोठा असणार. त्याच्याशी तुलना करून "माझं वादळ कमकुवत" म्हणण्याआधी तोच रन तीन मिनिटांच्या नोंदीशी ताडून बघा. काही तक्रारी इथेच मिटतात.

केंद्र नीट शोधलंय का?

केंद्र उड्या मारत असेल, तर तो वादळाचा दोष क्वचितच असतो. दोष शोधण्याच्या पद्धतीत असतो. पूर्ण डोमेनमधला सर्वांत कमी दाब शोधणारी स्क्रिप्ट मे-जून महिन्यात हमखास फसते, कारण त्या दिवसांत राजस्थान-पाकिस्तानकडे उष्णतेमुळे कमी दाबाचं क्षेत्र असतंच. वादळ कोवळं असताना त्या क्षेत्राचा दाब वादळापेक्षाही कमी निघतो आणि तुमचं केंद्र समुद्रातून थेट वाळवंटात जातं. सह्याद्रीवरही समुद्रसपाटीला आणलेला दाब खात्रीचा नसतो.

म्हणून आधीच्या केंद्राभोवती दोन अंशांच्या आतच शोध घ्या, आणि ८५० हेक्टोपास्कल पातळीवरच्या भोवऱ्याच्या तीव्रतेशी पडताळा घ्या. दोन्ही केंद्रं जवळजवळ असतील तर विश्वास ठेवा. लांब असतील तर वादळ अजून नीट बांधलेलंच नाही, आणि तीही एक उपयोगाची माहिती आहे.

फाइली, लॉग आणि समुद्राचं तापमान

डाउनलोड अर्धवट झालेली एक फाइल सगळा रन नासवते. फाइलींचे आकार शेजारी ठेवून बघा, एखादी बाकीच्यांपेक्षा फारच लहान असेल तर ती पुन्हा उतरवा. नेमलिस्टमध्ये दाबाच्या थरांची संख्या डेटाशी जुळते का तेही पाहा. ईआरए५ या जागतिक हवामान डेटाचे ३७ थर आणि पृष्ठभागाचा एक मिळून ३८ होतात. जीएफएस या अमेरिकी जागतिक मॉडेलच्या थरांची संख्या मधल्या वर्षांत बदलली आहे, म्हणून जुन्या प्रोजेक्टमधली नेमलिस्ट डोळे मिटून वापरू नका.

रन कोसळला असेल तर आरएसएल (मॉडेलच्या लॉगच्या) फाइलींच्या शेवटच्या पन्नास ओळी वाचा, आणि फक्त पहिल्या प्रोसेसरच्या नव्हे, सगळ्यांच्या. सीएफएल असा शब्द दिसला तर टाइम स्टेप, म्हणजे हिशोबाच्या प्रत्येक टप्प्याचा वेळ, मोठी आहे. नियम असा की ग्रिडच्या (हिशोबाच्या जाळीच्या) अंतराचे जितके किलोमीटर, त्याच्या सहापटीपेक्षा जास्त सेकंद ठेवायचे नाहीत. म्हणजे २७ किलोमीटरला १६२ सेकंद ही वरची मर्यादा. तीव्र वादळ आणि सह्याद्रीचा कडा एकाच डोमेनमध्ये असताना मी ९० ते १२० वर येतो. संदेश न देता लगेच रन मेला तर संगणकावरची स्टॅक मेमरीची मर्यादा उठवली आहे का बघा, एका ओळीचं काम आहे.

आता समुद्राचं तापमान. माझ्या मते सोप्या तपासण्यांमधली ही सर्वांत मोलाची आणि सर्वांत जास्त वेळा टाळली जाणारी. वादळाचं इंधन समुद्रातून येणारी उष्णता आणि वाफ आहे. साडेसव्वीस अंशांच्या खाली ते सहसा उभंच राहत नाही, आणि जूनच्या सुरुवातीला अरबी समुद्र ३० अंशांच्या आसपास असतो. मेटग्रिडमधून (मूळ डेटा मॉडेलच्या ग्रिडवर आणणाऱ्या प्रोग्राममधून) निघालेली पहिली फाइल उघडा आणि समुद्राच्या तापमानाचा नकाशा काढा. मूळ डेटाच्या ग्रिडमध्ये किनारा जाडाभरडा असतो, त्यामुळे कोकणपट्टीला लागून असलेल्या समुद्राच्या चौकोनांना कधी शून्य मिळतं, तर कधी जमिनीचं तापमान. नकाशात दुपारच्या वेळी किनाऱ्यालगत ३८ अंशांचा समुद्र दिसला, तर ती जमीन आहे. वादळ नेमकं त्या पट्ट्यावरून जाणार असतं. जमीन-समुद्राचा मास्क नीट दिला की हे दुरुस्त होतं. तोपर्यंत पुढची एकही तपासणी करू नका, कारण चुकीच्या समुद्रावर कुठलीही स्कीम बरोबर उत्तर देणार नाही.

तीन दिवसांच्या रनला सुरुवातीचं तापमान कायम ठेवलं तरी भागतं. २०२३ चं बिपरजॉय मात्र ६ जूनला समुद्रात आकाराला आलं आणि १५ जूनला कच्छमधल्या जखाऊ बंदराजवळ किनाऱ्यावर आलं. एवढ्या लांब रनमध्ये तापमान अद्ययावत करत राहावंच लागतं.

नेमलिस्टमधल्या चार ओळी

पहिली, नजिंग. जुन्या प्रोजेक्टमधून आलेल्या नेमलिस्टमध्ये ते बरेचदा चालू राहतं. नजिंग म्हणजे मॉडेलला दर थोड्या वेळाने मूळ डेटाकडे ओढणं. मूळ डेटात वादळ अशक्त असेल, तर मॉडेलने बांधलेलं वादळ तुम्ही स्वतःच मोडत राहता. आतल्या डोमेनमध्ये ते बंद असलंच पाहिजे.

दुसरी, क्युम्युलस स्कीम, म्हणजे जाळीत न मावणाऱ्या ढगांचा परिणाम अंदाजाने धरणारी. ३ किलोमीटरच्या डोमेनमध्ये बंद, २७ मध्ये चालू. ९ किलोमीटर हा अवघड प्रदेश आहे. तिथे मी चालू ठेवतो, पण निकालाकडे संशयानेच बघतो.

तिसरी, समुद्राच्या पृष्ठभागावरचं घर्षण. मूळ सेटिंगमध्ये वारा वाढेल तसं घर्षण वाढतच जातं. प्रत्यक्षात ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आणि पुढे पाण्यावर फेस आणि तुषार इतके होतात की घर्षण वाढायचं थांबतं. चक्रीवादळांसाठी यात वेगळा पर्याय दिलेला आहे, आयएसएफटीसीएफएलएक्स. तो १ किंवा २ करा. निसर्गसारख्या वादळात फरक थोडाच दिसेल. २०२१ च्या तौक्तेसारख्या अतितीव्र वादळात वाऱ्याचा आलेख स्पष्ट वर सरकतो.

चौथी, मॉडेलचं छत. वादळातून वर चढलेली हवा १५० ते २०० हेक्टोपास्कलच्या पातळीवर बाहेर पसरते. छत १०० वर ठेवलं तर तिला मोकळी जागा उरत नाही. ५० वर ठेवा.

पृष्ठभाग थराची स्कीम आणि सीमाथराची (जमिनीलगतच्या हवेच्या जाड थराची) स्कीम एकमेकींना जुळणाऱ्या आहेत ना, हेही जाता जाता बघा.

डोमेन

इथून पुढे रन पुन्हा सुरुवातीपासून करावा लागतो, म्हणून आधीचं सगळं झाल्याशिवाय इकडे येऊ नका.

वादळ वाट स्वतः ठरवत नाही. भोवतीचा मोठा प्रवाह त्याला वाहून नेतो. निसर्ग आधी उत्तरेकडे गेलं आणि मग ईशान्येला वळून रायगडकडे आलं. असं वळण दाखवायचं तर मॉडेलला तो भोवतालचा प्रवाह पुरेसा दिसला पाहिजे. बाहेरचं डोमेन गोव्यापासून गुजरातपर्यंत आटोपतं घेतलं, तर प्रवाह जवळजवळ पूर्णपणे सीमेवरून येतो आणि सीमेवरच्या पाच ओळी त्याला गुळगुळीत करून टाकतात. मी दक्षिणेची कड विषुववृत्ताच्या खाली नेतो, कारण जूनच्या आरंभी मोसमी वारे तिथूनच वळून येतात. वादळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठल्याही कडेपासून शेकडो किलोमीटर आत राहायला हवं. आतल्या डोमेनची कड सह्याद्रीच्या माथ्यावरून नेऊ नका, ती दख्खनच्या पठारावर बरीच पूर्वेला ठेवा.

रिझोल्यूशनबद्दल एक गैरसमज वारंवार दिसतो. ९ किलोमीटरचं ग्रिड म्हणजे ९ किलोमीटरची रचना दिसते असं नाही. मॉडेलला खात्रीने दिसते ती साधारण सात ग्रिड-अंतरांएवढी रचना, म्हणजे ६० किलोमीटरच्या पुढची. जोरदार वाऱ्याचं कडं केंद्रापासून २५-३० किलोमीटरवर असेल, तर ९ किलोमीटरच्या ग्रिडवर ते पसरटच दिसणार. तिथे वारा कमी आला म्हणून फिजिक्सला दोष देऊ नका. तीव्रतेचा अभ्यास असेल तर ३ किलोमीटरचं आतलं डोमेन हवंच. फक्त ट्रॅक हवा असेल तर ९ पुरतं, उगाच संगणकाचा वेळ जाळू नका.

सुरुवातीचा भोवरा

"जोर धरत नाही" या तक्रारीचं मूळ मला सर्वांत जास्त वेळा इथे सापडतं.

जागतिक डेटाचं ग्रिड पाव अंशाचं, म्हणजे सुमारे २८ किलोमीटरचं. एवढ्या जाळीत वादळाचा गाभा एखाद-दुसऱ्या चौकोनात मावतो. त्यातून समुद्रावर निरीक्षणं कमी. म्हणून सुरुवातीच्या डेटातलं वादळ खऱ्यापेक्षा उथळ आणि रुंद असतं, आणि कधी त्याचं केंद्रच पन्नास-शंभर किलोमीटर बाजूला असतं. मॉडेल त्या उथळ खळग्यातून सुरुवात करतं. शिवाय पहिले सहा ते बारा तास त्याला स्वतःचे ढग आणि वारे जुळवून घ्यायला लागतात. ज्या वादळाला समुद्रात जेमतेम दोन-अडीच दिवस मिळाले, त्यातला हा वेळ फार मोठा आहे.

तपासायला सोपं आहे. अगदी पहिल्या फाइलमधलं केंद्र आणि दाब हवामान विभागाच्या त्या वेळच्या नोंदीशेजारी ठेवा. शून्य तासालाच केंद्र ७० किलोमीटर बाजूला असेल, तर शेवटी ते तेवढंच चुकलं याचं आश्चर्य नको. अलिबाग आणि श्रीवर्धन यांच्यात सरळ रेषेत साधारण एवढंच अंतर आहे. कुठल्या गावाच्या वाड्या पडणार, हे त्या अंतरात ठरतं.

उपायांमध्ये स्वस्त ते आधी. तोच रन चार वेगवेगळ्या वेळांना सुरू करा: ३१ मे १२ यूटीसी, १ जून ०० आणि १२ यूटीसी, २ जून ०० यूटीसी. फार लवकर सुरू केला तर वादळ जन्मालाच येत नाही, फार उशिरा केला तर बांधून व्हायच्या आत जमीन लागते. या चारांची तुलना तुम्हाला कुठल्याही स्कीमच्या तुलनेपेक्षा जास्त शिकवते. त्यानंतर दुसरा जागतिक डेटा वापरून बघा. त्यानंतर मॉडेलसोबत येणारा टीसी प्रोग्राम, जो डेटातला अशक्त भोवरा काढून मोजक्या आकड्यांवरून नवा बसवतो. हे जपून करा. वाऱ्याचा वेग किंवा त्रिज्या जरा चुकली की बसवलेला भोवरा पहिल्या काही तासांत विस्कटतो, आणि मूळ रनपेक्षा वाईट अवस्था होते. निरीक्षणं मिसळण्याचं काम, म्हणजे डेटा असिमिलेशन, याच्याही पुढचं.

उलट लक्षण: वादळ फारच तीव्र

संथ किंवा एका जागी रेंगाळणारं वादळ खालचं थंड पाणी ढवळून वर आणतं आणि स्वतःचंच इंधन कमी करतं. समुद्राचं तापमान स्थिर ठेवलेल्या मॉडेलला हे कळत नाही. मिश्र थराचं साधं सागरी मॉडेल चालू करा. त्याला थराची जाडी द्यावी लागते आणि मूळ आकडा ५० मीटर असतो. बंगालच्या उपसागरात नद्यांचं गोडं पाणी वर तरंगत असल्यामुळे तिथलं ढवळणं अरबी समुद्रासारखं होत नाही, म्हणून एकच आकडा दोन्हीकडे वापरू नका. हे मॉडेल आणि बाहेरून येणारं अद्ययावत तापमान, दोन्ही एकदम चालू ठेवू नका. एक आतून तापमान बदलतं आणि दुसरं ते पुसून टाकतं.

आणि आता स्कीम

एवढं सगळं झाल्यावर स्कीम बदलायला हरकत नाही, पण एका वेळी एकच. आणि निसर्गवर जुळलेला संच तौक्ते किंवा नोव्हेंबर २००९ च्या फयानवर चालवून दाखवल्याशिवाय त्याला चांगला म्हणू नका. एका वादळावर आलेख जुळेपर्यंत स्कीम फिरवत राहिलं, तर एक चूक दुसऱ्या चुकीने झाकली जाते. प्रबंधात ते छान दिसतं, पण पुढच्या वादळात उघडं पडतं.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

तोच रन, तीच नेमलिस्ट, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या जागी कोसळतो, किंवा एकाच नोडवर कोसळतो? हे हवामानशास्त्र नाही. क्लस्टर सांभाळणाऱ्या माणसाकडे जा, मेमरी, डिस्क आणि कंपायलर त्याला बघू द्या. तुम्ही त्यावर आणखी एक दिवसही घालवू नका.

स्कीमचा मूळ कोड बदलायची वेळ आली, किंवा रडार आणि उपग्रहाची निरीक्षणं मिसळायची असतील, तर एकट्याने करू नका. पुण्यात आयआयटीएम, नोएडात एनसीएमआरडब्ल्यूएफ या हवामान संशोधन संस्था आणि स्वतः हवामान विभाग इथे हेच काम वर्षानुवर्षं करणारी माणसं आहेत. मार्गदर्शकांमार्फत त्यांना लिहा. सोबत पूर्ण नेमलिस्ट, आरएसएलच्या शेवटच्या ओळी, समुद्राच्या तापमानाचा नकाशा, पहिल्या फाइलमधला केंद्राचा दाब आणि काय काय आधीच तपासलंय त्याची यादी द्या. एवढं हातात असलं की उत्तर लवकर येतं.

आणि समुद्रात खरं वादळ असताना तुमच्या रनचा नकाशा गावाच्या ग्रुपवर टाकू नका, तो कितीही चांगला आला असला तरी. बोट बाहेर काढायची की नाही, घर सोडायचं की नाही, हे त्या वेळी हवामान विभागाच्या पत्रकावर आणि जिल्हा प्रशासनाच्या सूचनेवर ठरतं. ७० किलोमीटरची चूक म्हणजे काय ते वर सांगितलंच आहे. तो रन जपून ठेवा, वादळ ओसरलं की पत्रकातल्या ट्रॅकशेजारी ठेवून बघा, आणि पहिल्या फाइलपासून तपासायला लागा.